सासूबाईंना आम्ही गळू सांगितलं

"कार्सिनोमा ऑफ टंग," डॉक्टर म्हणाले. म्हणजे जिभेचा कॅन्सर. बायॉप्सीत, म्हणजे जिभेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, तसं निघालं होतं. रोग मानेपर्यंत पोचला होता, ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. नवऱ्याने त्यांना सांगितलं, "आये, साधं गळू हाय."

ते गळू आमच्या मुंबईतल्या खारदांड्याच्या घराने महिनोन् महिने सांभाळलं. नणंद कुंदा मढला दिलेली. तिच्या पोटात काही राहत नाही, आईला पाहताच हंबरडा फोडेल, म्हणून नवऱ्याने तिला येऊच दिलं नाही. मी खूप भांडले. "तुला काय कलतं," म्हणाला.

सासूबाईंचं आयुष्य मासळी विकण्यात गेलं. सगळा बाजार त्यांच्या तोंडाला वचकून असायचा. आता त्या लेकीच्या नावाने बोटं मोडायच्या. "आय मेली का जगली, बगाला बी नाय आली!" ऐकून माझा जीव तुटायचा.

पुढे पेज गिळतानाही त्या रडू लागल्या. डॉक्टरांनी वांद्र्याचं हॉस्पिस सुचवलं. ऐंशीच्या दशकात हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. तिथे रोग बरा करत नाहीत, शेवटपर्यंत वेदना कमी करतात. "आयला मरायला टाकली," असं लोक तोंडावर बोलले. बोलणाऱ्यांपैकी एकानेही त्यांच्या तोंडातली जखम कधी धुतली नव्हती.

तिथे मॉर्फिन मिळालं. हे फार तीव्र वेदनेवरचं औषध. कित्येक दिवसांनी त्या शांत झोपल्या.

मग सिस्टरने आम्हाला बाजूला घेतलं. "जीभ सुजत चालली आहे. लवकरच त्यांना बोलता येणार नाही. काय झालंय म्हणून त्या मला विचारतात. पुन्हा विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही."

नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटी मीच आत गेले.

"आये, कॅन्सर हाय. बरा नाय होनार. कुंदाला आमीच येऊ दिली नाय."

मला वाटलं, मरणाचं विचारतील.

"माजी पोर रुसली नाय?"

"नाय, आये."

"बोलव तिला."

नवरा स्वतः वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडून मढला गेला. पण रात्रीत सूज वाढली, सकाळी कुंदा आली तेव्हा आईची जीभ तोंडात मावत नव्हती. सासूबाईंनी तिचं डोकं छातीशी दाबून धरलं. घशातून नुसता आवाज येत होता, शब्द एकही फुटेना. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. तळमळल्या नाहीत, हे त्या सिस्टरांचे उपकार.

कुंदा अजून विचारते, "वैनी, आयला काय बोलायचं असंल गो?"

तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर माणसाला खरं सांगा, त्याला बोलता येतंय तोवर. आम्ही सासूबाईंना जपायला गेलो आणि कुंदाच्या वाट्याचं बोलणं खाऊन बसलो.