चौघं एका वेळी जागी

मोशीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती रोज माझ्या पुढच्या सीटवर बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइलवर श्रीलंकेचा नकाशा बोटांनी मोठा करून ती पाहत असे: उन्हात धाकटा कुठे किरकिर करेल, घाटात थोरलीला कुठे उलटी होईल. कंपनी आठवडाभर बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या सुट्टीत सगळे गावी जाणार होते. ही मात्र दोन लहान पोरांना घेऊन परदेशात निघाली होती.

"ताई, त्यांना काय आठवणार? पोरं आजीकडं ठेवा, दोघंच जाऊन या की," मागून एक जण म्हणाला. बसभर हशा पिकला.

ती वळली. "भाऊ, मी पहिल्या शिफ्टला, नवरा दुसऱ्याला. सुट्टीचा वारपण वेगळा. गावी गेलं की मी चुलीपाशी, तो पारावर. आमी चौघं एका टायमाला जागी कधी असतो, सांगा!"

तोवर मला ती नुसती हौस वाटत होती.

तेवढ्यात तिच्या सासूबाईंचा फोन आला. "पोरं इथं ठेव, आन् तिथं जेवणाचं काय?" हा त्यांचा चढा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आत्या, पोरं येणारच," ती शांतपणे म्हणाली, "आणि तिथं मी स्वयंपाक करणार न्हाई."

बोलणं संपवून तिने सगळ्यांदेखत मोबाइलवर विमानाची चार तिकिटं काढली.