बिनलेबलाचे डबे

घड्याळजी बायकोला कुत्र्याचं खाणं खाऊ घालतो, अशी कुजबुज एके काळी आमच्या गल्लीत होती. लोक घड्याळ दुरुस्तीला टाकायचे आणि जाता जाता त्याच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करायचे. मीही केली. न करून राहवतंय होय!

माणूस चिकट, पण डोकेबाज चिकट. झालं असं, की कोपऱ्यावरच्या दुकानाच्या गोदामात पाणी शिरलं आणि हवाबंद डब्यांवरची लेबलं सुटून गेली. आत काय ते दुकानदारालाच कळेना, म्हणून त्याने ते पाव किमतीत दाराशी टोपलीत मांडले. घड्याळजी रोज तिथे उभा. एकेक डबा कानाशी धरून, डोळे मिटून, बंद घड्याळासारखा हलवायचा. "हा वाटाणा. हा टोमॅटो." जन्मभर टिकटिक ऐकलेला कान तो, त्याच्यावर याचा बायकोपेक्षा जास्त भरवसा.

बायको मात्र मेटाकुटीला आली. संध्याकाळी काय रांधायचं, ते डबा फोडेपर्यंत कळायचं नाही. मासे म्हणून आणलेल्या डब्यातून पीच निघायचे, आणि मासे निघायचे ते नेमके खिरीच्या दिवशी.

"अहो, सकाळी ठरवलेलं संध्याकाळी ताटात दिसू दे, एवढंच मागते."

"अगं, पण पैसे किती वाचले बघ ना!"

"पैसे वाचले हो. आपण वाचू का?"

त्यातच तिचा थोरला भाऊ बऱ्याच वर्षांनी जेवायला आला. वाटाण्याचं सूप ठरलं होतं. पहिला डबा फोडला, अननस. दुसरा, अननस. तिसरा, तोही अननसच. भाऊ बिचारा पावाबरोबर अननस जेवला.

"भाऊजी, कान तपासून घ्या एकदा," तो म्हणाला.

"कानाला काही झालेलं नाही," घड्याळजी फणकारला. "अननसाने वाटाण्यासारखं वाजायचं म्हणजे काय? मालच भिकार!"

आणि दुसऱ्या दिवशी तोच भिकार माल हा गृहस्थ टोपलीसकट घरी घेऊन आला. का, तर सगळी टोपली घेतली तर आणखी सूट! पलंगाखाली डबे, कपाटावर डबे, न्हाणीघरातही डबे. बायकोने मळके कपडे गोळा केले. गाठोडं बांधलं आणि लाँड्रीवाल्याकडे टाकायला गेली.

पुढच्या आठवड्यात, त्या डब्यांत कुत्र्याचं खाणं असतं, ही कुजबुज घरोघरी पोचली. दुकानदाराची तर पाचावर धारण बसली. तो हातगाडी घेऊन आला, पलंगाखालचे डबेसुद्धा ओढून काढले, पैसे घड्याळजीच्या हातात कोंबले आणि म्हणाला, "काका, यापुढे तुम्हाला लेबलवालेच डबे. माझ्या दुकानाची अब्रू चाललीय."

"कुठल्या जळकुट्याने उठवलं हे?" घड्याळजी घरभर थयथयाट करत फिरला.

"लोकांना उद्योग नसतात," बायको सूप ढवळत म्हणाली. वाटाण्याचं होतं, सकाळीच ठरलेलं.

कुत्र्याचं खाणं त्या घरात कधीच आलं नव्हतं. लाँड्रीवाल्याला ते तिनेच सांगितलं होतं.