चित्राची पाठ

शेजारच्या काका-काकूंना मी जर्सी सिटीहून मॅनहॅटनच्या एका लिलावघरात घेऊन गेलो होतो. काका रिटायर्ड डॉक्टर. एका रशियन पेशंटनं त्यांना जुनं चित्र दिलं होतं: लाल चौकोन आणि वर काळी तिरकी पट्टी. त्या वर्षी असल्या रशियन चौकोनांचे भाव गगनाला भिडले होते.

किंमत ठरवणारा गृहस्थ पांढरे हातमोजे घालून आला. चित्राकडे ढुंकूनही न बघता त्यानं ते पालथं घातलं आणि भिंग लावून पाठ न्याहाळू लागला. आपल्याकडे मुलगी बघायला आलेली मंडळी खानदान विचारतात, पण निदान एकदा मुलीकडेही बघतात!

“मागची लेबलं कुठायत?” त्यानं विचारलं.

“ते कळकट कागद?” काकू अभिमानानं म्हणाल्या, “दिवाळीच्या साफसफाईत घासून काढले!”

त्यानं भिंग खाली ठेवलं. चित्र आधी कुठल्या प्रदर्शनांत, कुणाकुणाकडे होतं हे त्यांवर लिहिलेलं असतं; चित्र खरं असल्याचा पुरावा म्हणजे तेच कागद होते.

“पण चित्र तर तेच आहे ना?” काकांनी विचारलं.

तेव्हा कुठे त्यानं चित्र सुलटं केलं आणि बराच वेळ पाहिलं.

“सुंदर आहे हो,” तो सांत्वनाला आल्यासारखा म्हणाला. “आता घरीच लावा.”