चौगुले साहेबांचं मेडल आणि दिलीप कांबळे

कारगिलची लढाई पेटली तेव्हा आमची पाणबुडी पश्चिम किनाऱ्यापासून लांब गस्तीवर होती. पाणबुडीला आम्ही बोटच म्हणतो. त्या बोटीवर आम्ही तिघे कोल्हापूरचे. लेफ्टनंट कमांडर भरत चौगुले राजारामपुरीतले, इलेक्ट्रिकल ऑफिसर. लीडिंग सेलर दिलीप कांबळे बिद्रीजवळचा. मी पेटी ऑफिसर सुतार, शाहूपुरीतला. साहेब ड्युटीवर इंग्रजी-हिंदीत बोलत. चहाच्या वेळी मात्र, "काय सुतार, दिल्या जेवला न्हवं?"

पाण्याखाली उजाडत नाही, मावळत नाही. वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी, मग जेवण, झोप, पुन्हा वॉच. प्रत्येक वॉचला बॅटरीची तपासणी. एका सकाळच्या वॉचला दिलीप खाली बॅटरीपाशी उतरला होता. मी वर पॅनेलवर. खालून धूर आला. मी इंटरकॉम उचलला.

"कंट्रोल, बॅटरी कंपार्टमेंट. धूर."

"कंपार्टमेंट रिकामं करा. दार बंद करा."

दिलीपला हाक मारली. उत्तर नाही. उतरायला वाकलो आणि तिथेच कोसळलो.

साहेब मास्क लावून आत आले. आधी त्यांनी ब्रेकर पाडून बॅटरीची वीज तोडली. बोट वाचली ती त्यामुळे, असं पुढे चौकशीत निघालं. मग मला कॉलरला धरून दाराबाहेर ओढलं; तिथे मला शुद्ध आली.

"दिल्या खाली हाय," मास्क उचलून ते म्हणाले. "मी आत गेलो की दार लाव."

"साहेब, पण..."

"ऑर्डर हाय, सुतार."

मी दार लावलं.

बोट वर आली. धूर बाहेर काढला. दार उघडलं तेव्हा दोघेही गेले होते.

साहेबांना मरणोत्तर नौसेना मेडल जाहीर झालं. ते त्यांच्या आईने घेतलं. मी युनिफॉर्ममध्ये मागच्या रांगेत उभा होतो. सायटेशन, म्हणजे मेडलचं मानपत्र, वाचलं गेलं, त्यात 'एका सहकाऱ्यास वाचवताना' असं होतं. नाव नव्हतं.

सुट्टीवर आलो तसा राजारामपुरीत गेलो. साहेबांच्या आईला मी काकू म्हणायचो. काकूंनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "तो सहकारी कोण?"

"दिलीप कांबळे. बिद्रीकडचा."

"त्याला काय दिलं?"

"मेडल न्हाय, काकू. तो ड्युटीवरच होता. साहेब आपणहून आत गेले."

"ड्युटीवर मेला म्हणून न्हाय?"

काकू उठल्या, पायात चपला घातल्या. "चल. मला त्याच्या घरी ने."

आम्ही एसटीने गेलो. दिलीपची आई दारात शेंगा निवडत होती. काकू कोण हे मी सांगितलं. ती उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझ्या पोरापायी तुमचा गेला," ती म्हणाली. "कुठल्या तोंडानं येऊ तुमच्याकडं? म्हणून आलो न्हाय."

काकू तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. तिलाही हाताला धरून बसवलं. मग दिलीपच्या आईने माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, खरं सांगा. शेवटाला त्यो एकटाच हुता काय?"

चौकशीत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाय, मावशी. साहेब त्याच्यापर्यंत पोचले होते. दोघं शिडीखाली सापडले. साहेबांचा हात दिलीपच्या पट्ट्यात होता. घट्ट. सोडवायला आम्हाला लई वेळ लागला."

काकूंनी डोळे मिटले. दिलीपच्या आईने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि दोघी पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.