पाववाल्याचं गंध

आमच्या गल्लीतला पाववाला लई कमी बोलायचा. सकाळी भट्टी, तराजू, मैद्याचं पिंप, समोर दिसेल त्याला गंध लावायचा. एकदा गिरणीच्या गोऱ्या साहेबानं पोरीच्या वाढदिवसाला हत्तीचा केक सांगितला. पत्र्याची कामं मी करायचो, म्हणून साचा मी केला. शाळा माझी दुसरीपर्यंतच, पण माझा हत्ती बघून खरा हत्ती लाजला असता. पाववाल्यानं भाजलेल्या केकवर साखरेची झूल चढवली आणि हाताच्या सवयीनं हत्तीच्या कपाळावर गंध ओढलं.

केक पोचवायला मीही बंगल्यावर गेलो. मडमेनं सुरी उचलली, तसे वाढदिवसाला आलेले गिरणीचे कारकून हात जोडून आडवे आले. "साहेब, हा देव आहे. सुरी लावू नका."

साहेब लालबुंद होऊन पाववाल्याकडं बघायला लागला. बंगल्याचा रोजचा पाव आता बंद, हे आम्हा दोघांनाही कळलं.

पाववाला शांतपणे कारकुनांना म्हणाला, "रावसाहेब, नमस्कार करा की. आत बारा अंडी हायत."

जोडलेले हात झटक्यात सुटले. एकानं तर ते धोतराला पुसले. मग सुरी चालली.

पाववाल्यानं मात्र कोपऱ्यात जाऊन हळूच दोन्ही कान धरले. दुसऱ्या सकाळी त्यानं माझ्या साच्यालाही गंध लावलं. मी अडवलं नाही. साचा होताच तसला.