खळ्यावरचा वाटा

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात मी तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मुलींच्या शाळेवर शिक्षिका होते. घर सांगलीला. शाळा भरायची तंबाखूच्या जुन्या वखारीत. पहिल्या आठवड्यात मुलींपेक्षा मीच जास्त शिंकले.

एक दिवस शाळातपासनीस आले. मुलींचं वाचन ऐकून खूश झाले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, जिल्ह्याच्या स्कूल बोर्डानं खर्च कमी करायला काही शाळा बंद करायच्या ठरवल्यात. त्यात ही आहे. महिनाअखेर कुलूप लावा."

साहेबांचा चावडीवर चहा होईतो तिथं माणसं जमली. दोन मुली शाळेत असलेली एक शेतकरीण पुढं आली. तिचा नवरा फौजेत होता आणि त्याची पत्रं मुलीच तिला वाचून दाखवत.

"आवं साहेब, आमी सारा भरतो. त्येच्यावर साळंसाटीचा लोकल फंडबी भरतो. मग साळा बंद कशापाई?"

साहेब भला माणूस. त्यांनी नीट सांगितलं, "लोकल फंडात भागत नाही. बाकीचं सरकारनं द्यायचं. पण सगळ्या मुलखाचं उत्पन्न धरलं, तर शाळांच्या वाट्याला त्यातलं चिमूटभर येतं. सध्या तर लढाई आधी."

"लढाईला मानूस आमीच दिलाय की," ती म्हणाली.

साहेबांनी कप खाली ठेवला. वर कळवतो म्हणाले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं.

ते गेल्यावर लोक तिथंच बसून राहिले. एक पेन्शनर हवालदार म्हणाला, "सुताराला, लोहाराला आपन खळ्यावर वाटा देतोच. तसाच मास्तरीणबाईंना द्यायचा. सरकार देईल तवा देईल."

"मला पोरगी न्हाई. मी का द्यावं?" एकानं विचारलं.

"सुना तरी आणनार का न्हाई रं?" हवालदार म्हणाला. लोक हसले आणि ते ठरलं.

मला मात्र हसू आलं नाही. शिकून, ट्रेनिंग करून शेवटी खळ्यावरची ज्वारी घ्यायची, हे मनाला लागलं. वडिलांनी तर सरळ घरी बोलावलं. मी दोन दिवस ट्रंक भरून बसले होते. त्या शेतकरणीच्या मुली रोजच्यासारख्या पाट्या घेऊन आल्या, तेव्हा त्यांना परत जा म्हणणं जमलं नाही.

सुगीत शाळूच्या ज्वारीची पोती खरंच आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक माणूस गवताचे भारे घेऊन आला. त्याच्याकडे जमीन नव्हती. वखारीचं गळकं छप्पर त्यानं दोन दिवस बसून शाकारलं. त्याची मुलगी शाळेत होती, पण पडवीत बसायची. मी आले तेव्हा तशीच पद्धत होती आणि मी ती चालू दिली होती.

जाताना तो म्हणाला, "बाई, माजा वाटा पोचला न्हवं? मग पोरीला आत बसवा."

दुसऱ्या दिवशी मी तिला आत बसवलं. निम्म्या मुली यायच्या बंद झाल्या. हवालदारानं स्वतःची नात हाताला धरून आणली आणि तिच्या शेजारी बसवली. शेतकरणीच्या मुलींनी तर एक दिवसही शाळा चुकवली नव्हती. हळूहळू बाकीच्या परतल्या. दोघी कधीच आल्या नाहीत.

लढाई संपल्यावर बोर्डानं शाळा पुन्हा आपल्याकडे घेतली आणि माझा पगार सुरू झाला. शेतकरणीचा नवरा सुखरूप परत आला. पडवीतली ती मुलगी पुढे सातवी पास झाली आणि मिरजेला नर्सिंग शिकायला गेली. माझी तोवर बदली झाली होती. तिच्या वडिलांनी सांगलीला येऊन ही बातमी सांगितली, तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना बैठकीत बसवून चहा दिला. आमच्या घरात तसं पहिल्यांदाच घडत होतं.