यादीतले चार भीमराव

बेंबळीची सात माणसं मी एका आज्ञेत नाहीशी केली. त्यातले एक माझे सख्खे काका होते.

दुष्काळाचं वर्ष होतं. माझे वडील, अण्णा, उस्मानाबादला दूध संघात कारकून. संघात नवाकोरा कॉम्प्युटर येऊन टेबलक्लॉथखाली झाकून बसला होता, कारण तो चालवणारं कुणी नव्हतं. अण्णांनी चेअरमनना सांगून टाकलं की आमची सुनीता पुण्यात हेच शिकून आली आहे. मी शिकले होते युनिक्सवर. हा कॉम्प्युटर डॉसचा, त्याच्या आज्ञा वेगळ्या. पहिल्याच दिवशी मी फायली बघायला ls टाइप केलं, तर पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं, अशी आज्ञाच नाही. मागे सहा माणसं उभी होती. (माझ्यासारख्या लाजाळू मुलीला एकसुद्धा माणूस जास्त होतो.)

‘काय म्हणतंय?’ चेअरमननी विचारलं.

‘विचार करतंय,’ मी म्हटलं.

मग पुण्याच्या मैत्रिणीला पत्र. तिनं कळवलं की युनिक्सच्या आज्ञा डॉसवर चालवणारी एक फ्लॉपी तिच्या हैदराबादच्या भावाकडे आहे. भाऊ ती ट्रकवाल्याकडे देणार, ट्रकवाला नळदुर्गच्या ढाब्यावर ठेवणार. अण्णा एसटीनं तीनदा नळदुर्गला गेले. दोनदा नुसतंच जेवून आले. तिसऱ्यांदा फ्लॉपी मिळाली. ढाबेवाल्यानं ती धूळ लागू नये म्हणून पापडाच्या डब्यात जपली होती, त्यामुळे तिला हिंगाचा वास येत होता. पण चालली! ls टाइप केलं आणि फायली शहाण्यासारख्या ओळीनं उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या, बेंबळीच्या चारा छावणीची यादी आली. काही नावं दूध संस्थेनंही लिहिली होती आणि तलाठ्यानंही. दुबार नावं काढून यादी सकाळी छावणीवर हवी होती. यादीत नाव नाही, त्याच्या जनावराला चारा नाही. अण्णा म्हणाले, आमची सुनी मिनिटात काढते. मी आधी sort दिलं, मग uniq. एकसारख्या ओळींतली एक ठेवायची, बाकीच्या गाळायच्या. खरंच मिनिट लागलं. चेअरमननी चहा मागवला, आणि तो मी मान वर करून प्यायले.

सकाळी छावणीच्या दारात चार भीमराव कांबळे उभे होते. आमच्या वस्तीत दर दोन घरांआड एक भीमराव आहे. आम्हाला त्याचा अभिमान आहे, uniq ला नाही. तिनं एक ठेवला. तीन शेख महेबूबांतला एक ठेवला, तीन विठ्ठल जाधवांतलाही एकच. गावात कुणाचा घोळ होत नाही. एक रेडिओवाला भीमराव, एक मास्तर भीमराव, एक धाकला आणि चौथे माझे काका, आमचे तात्या, म्हणजे उंच भीमराव. पण टोपणनावं सरकारी यादीत शोभत नाहीत, म्हणून टाइप करताना मीच ती वगळली होती. (इंग्रजी शाळेचे संस्कार.)

तात्यांच्या दोन्ही म्हशी माझ्याकडे बघत होत्या.

‘सुने, म्या ह्यातला कंचा?’ तात्यांनी शांतपणे विचारलं. ‘ऱ्हायलेला का गेलेला?’

‘ते कॉम्प्युटरला नाही कळत, तात्या.’

‘त्याला न्हाय कळत, बरं. तुला तर कळतंय की. तुझ्या बारशाला म्या पेढे वाटलेत.’

छावणीवाले म्हणाले, दुपारपर्यंत नवी यादी आणा, तोवर थांबतो. मग मी दारातच लिंबाखाली वही घेऊन बसले, आणि अख्ख्या गावानं एकेक येऊन आपलं टोपणनाव सांगितलं. मी जन्मात जेवढी बोलले नव्हते, तेवढी त्या सकाळी बोलले. लाजायला वेळच मिळाला नाही. महेबूब टेलर, महेबूब पैलवान, महेबूब चहावाला, सगळे आपापल्या जागी परतले. दुपारी म्हशींच्या पुढ्यात कडबा पडला, आणि तात्या जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून गेले.

गावात सुनीता कांबळेही तीन आहेत. एकीला विहिरीजवळची म्हणतात, एकीला शिवणकामवाली. परवा मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी एसटी स्टँडवर घर विचारलं, तेव्हा लोकांनी एवढंच विचारून घेतलं, ‘माणसं गाळणारीच ना?’